पाणी पिकेपर्यंत

"मासे आले की बघते, आणि मग जाते," आई म्हणाली आणि चहाचा रिकामा कप ठेवायला उठली. बायकोने तो कप तिच्या हातातून वरच्या वर काढून घेतला.

"आई, तुम्ही बसा."

आई बसली. आमच्याकडे येऊन तिला दोन महिने होत आले होते आणि त्यातला बहुतेक काळ ती अशी बसूनच होती. एरवी ती दादाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडे, असते. तिकडे दादा-वहिनी दोघं दिवसभर कामावर, त्यामुळे घर आईच्या हातात. आमच्याकडे ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. महिना संपला, पण माझ्या बायकोने तो संपल्याचं मान्यच केलं नाही. सासूबाईंना कामाला लावलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हती. आणि दादाचा दर रविवारी फोन: "काय रे, आईला कधी पाठवतोस?"

मला वाटत होतं, तिने जाऊ नये. कारण काही नाही, आई आहे, जवळ असावी एवढंच. पण हे तिला सांगायला तोंड उघडलं की भलतंच निघायचं. "आई... पंखा कमी करू का?" त्याला माझी नोकरीही जबाबदार आहे. मी विमा कचेरीत नामंजूर दाव्यांच्या टेबलावर बसतो. 'आपला दावा मान्य करता येत नाही याचा आम्हांस अत्यंत खेद वाटतो' या वाक्याखाली दिवसाला चाळीस सह्या करतो. अत्यंत खेद मला लेखी जमतो. तोंडी साधा खेदही जमत नाही.

तर मासे. डोळ्यांच्या दवाखान्यात एक काचेची पेटी होती आणि तिच्यात चार-पाच मासे. आई त्यांच्याकडे इतकी तंद्री लावून बघत बसली की तिचा नंबर तीनदा पुकारला तरी तिला पत्ता नाही. परत येताना म्हणाली, "छान होते नाही मासे?" दोन महिन्यांत तिने व्यक्त केलेलं हे एकमेव मत! मी ते उचलून धरलं. आता एखाद्या शहाण्या माणसाने दुकानातून तशीच पेटी आणली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्याबद्दल वाचायची खोड आहे. वाचता वाचता मी अ‍ॅक्वापोनिक्सपाशी पोचलो आणि हरवलो.

कल्पनाच अशी आहे की माणूस हरवावा. खाली माशांची टाकी, वर खडीने भरलेला वाफा, वाफ्यात भाजी. माशांचं घाण पाणी पंपाने वर चढतं, भाजी त्यातून आपलं खाणं घेते आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा माशांकडे उतरतं. माती नाही, खत नाही, कुणाचं कुणावाचून अडत नाही आणि कुणी कुणाला 'तुम्ही बसा' म्हणत नाही. मी कचेरीत खेद व्यक्त करता करता डोळे मिटायचो आणि मला ते पाणी वर-खाली जाताना दिसायचं.

परसात पाचशे लिटरची निळी टाकी आली आणि तिच्यामागोमाग कुंपणावरून ओळंबाही आला. ओळंबा म्हणजे आमचे शेजारी, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणतो. खिशात खरोखरचा ओळंबा, म्हणजे उभं बांधकाम सरळ आहे का ते बघायची वजन लावलेली दोरी, घेऊन फिरणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्यांनी वाफा ठेवायला मी केलेल्या लाकडी घोडीसमोर दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पडणार."

"कधी?"

"ते तिच्या मनावर आहे. तुम्ही नोकरदार माणसं, तुम्हाला नुसतं उभं राहिलं की सरळ वाटतं."

त्यांनी घोडी मोडून पुन्हा बांधली. टाकीला तळाशी नळ बसवला. "पाणी आत घेताना सगळे हुशार असतात, बाहेर कसं काढणार याचा विचार कुणी करत नाही," असं म्हणून त्यांनी तो नळ तीनदा उघडून तीनदा बंद करून दाखवला. पुढे या नळाने काय काय केलं हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी तो तिथल्या तिथे उपटला असता.

पहिल्या दिवशी पंप सुरू झाला, वाफा भरला आणि भरलेला वाफा आपोआप रिकामा करणाऱ्या नळीने, म्हणजे सायफनने, ठरल्याप्रमाणे सगळं पाणी एका दमात ओढून घेतलं. फक्त पाणी परत आणणारा पाइप टाकीच्या काठावरून घसरला होता आणि त्याचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. आम्ही दोघं पुरुष वाफ्यातली खडी कशी छान रिकामी होते आहे हे कौतुकाने बघत होतो. आतून किंकाळी आली तेव्हा अर्धी टाकी ओट्याखाली पोचली होती. आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

"फडकं कुठाय?" ती म्हणाली.

"आई, तुम्ही बसा!" गुडघाभर भिजलेली बायको म्हणाली.

हे सगळं निस्तरून मी मासे आणायला गेलो. मासेवाल्याचं दुकान अरुंद, थंड आणि निळसर उजेडाचं होतं. त्यात शिरलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मासेवाला स्वतः तर जवळजवळ बोलतच नव्हता. मी अकरा मासे मागितले. त्याने विचारलं, "पाणी पिकलंय का?"

"पाणी पिकतं?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जिने मी कचेरीत कागद न जोडलेल्या अर्जदाराकडे पाहतो. मग समजावलं. ताज्या पाण्यात मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीने मरतो. त्या घाणीत अमोनिया असतो. तो खाणारे जिवाणू आधी खडीवर वस्तीला यावे लागतात. त्यांना बोलवायचं तर टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं आणि ते कुजू द्यायचं. पाच-सहा आठवडे. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. मग नायट्राइट चढेल, उतरेल. शेवटी नुसतं नायट्रेट उरेल. "तेव्हा या. मी मासे विकतो, मारायला देत नाही."

त्याने मला खाण्याचा डबा, थेंबांच्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचा तक्ता दिला. दुकानातून माशांशिवाय सगळं घेऊन मी घरी आलो.

आणि मग माझ्या आयुष्यातला फार सुरेख काळ सुरू झाला. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी नसलेल्या माशांना जेवायला घालायचो. चिमूट टाकली की कण पाण्यावर पसरायचे, हळूहळू जड व्हायचे आणि एकेक करून खाली जायचे. वर वाफा भरत राहायचा. दर दहा मिनिटांनी सायफन घोट घेतल्यासारखा आवाज करायचा आणि पाणी धबाधबा परत यायचं. उन्हाची चकाकी भिंतीवर हलायची. आई खिडकीतून बघायची, मी पायरीवरून बघायचो. अकराच्या अकरा मासे मला दिसायला लागले होते. एक जरा आळशी होता, कोपऱ्यात राहायचा. दुसरा आगाऊ होता, त्याला मी पुटपुटत रागवायचोही. ओळंबा एकदा कुंपणावरून म्हणाले, "कुणाशी बोलताय?" मी म्हणालो, "हिशेब करतोय." स्वप्न बघताना पकडलेला माणूस नेहमी हिशेबच करत असतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. अमोनिया लवकर चढवायचा एक घरगुती, बिनखर्चाचा उपाय ओळंब्यांनी कानात सांगितला. त्याला फक्त आडोसा आणि थोडा निर्लज्जपणा लागतो. बायकोने तो आतून ऐकला आणि दाराची कडी वाजवून सांगितलं, "त्या टाकीजवळ असलं काही झालं, तर मासे येतील आणि मी जाईन!"

दुसऱ्या आठवड्यात पालिकेच्या आरोग्य खात्याचा माणूस आला. हातात टॉर्च, काखेत वही.

"उघडं पाणी साठवलंय?"

"माशांची टाकी आहे."

त्याने टॉर्च मारला. "मासे कुठायत?"

"यायचेत."

"मासे असते तर ही शोभेची टाकी. नसले तर डासांची. मी काय लिहू?"

"अपेक्षित अकरा, असं लिहा."

"अपेक्षितला रकाना नाही." तो खरोखर हळहळला. "महिनाभराने येतो. तोवर मासे दाखवा, नाहीतर टाकी रिकामी करा."

मी म्हणालो की मासे आणायला पाणी पिकायला हवं, आणि पाणी पिकायला ते टाकीत असायला हवं. तो म्हणाला, तसं लेखी द्या. मी जन्मभर लोकांना हेच सांगत आलो होतो. ऐकायला किती वाईट लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी रोज नळी भरायचो, थेंब टाकायचो, रंग बघायचो. पिवळा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य. चौथा आठवडा, पिवळा. पाचवा, पिवळा. वाफ्यातली पालकाची रोपंही पिवळी, पण तिकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. मी पुस्तकात पाहिलं: पाणी पिकलं की अमोनिया शून्य होतो. म्हणजे पिकलंच की! जिवाणू एवढे तरबेज निघाले की त्यांनी अमोनिया चढायच्या आतच फस्त केला. मी आनंदाने कचेरीत पेढे... नाही, पेढ्यांपर्यंत गेलो नाही, पण सगळ्यांना सांगितलं. नळीत पाणी भरून मासेवाल्याकडे नेलं.

त्याने आपले थेंब टाकले. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. मग तिसरी बाटली काढली. नायट्रेट, तेही शून्य. त्याने नळी उजेडात धरली, वास घेतला.

"साहेब, या पाण्यात काही घडलेलंच नाही. हे आज नळातून आलंय."

"पाच आठवडे झाले!"

"मग टाकीत तुम्ही खाणं टाकता ते जातं कुठे?" त्याच्या थंड डोळ्यांत प्रथमच कुतूहल आलं. "मी येऊन बघतो एकदा. शनिवारी."

त्याआधीच, गुरुवारी, कचेरीतली वीज गेली आणि आम्हाला दुपारी सोडलं. बायको ग्रंथालयात दुपारची पाळी करते, बारा ते पाच. त्या वेळी आई पडलेली असते, असा आमचा समज होता. मी मागच्या दाराने आलो आणि थबकलो.

आई टाकीजवळ होती. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तळाचा नळ सोडलेला, पाणी कुंपणाच्या झुडपांकडे चाललेलं. तिने वाफ्यातली खडी बादलीत काढली होती आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळत होती. काहीतरी गुणगुणत होती. तिला मी लहानपणापासून ओळखतो, पण इतकी खुशीत बघून किती वर्षं झाली होती कोण जाणे. टाकी आतून लख्ख होती. तिच्यात नवं पाणी भरायचं तेवढं बाकी होतं.

मला पाहून ती दचकली. मग ओठांवर बोट ठेवलं.

"तिला सांगू नकोस हं. ती काही करू देत नाही रे मला. इथे एवढी घाण व्हायची, खाणं कुजायचं, मी रोज थोडं थोडं धुते." आणि मग जरा अभिमानाने, "बघ, कशी दिसते टाकी!"

"छान दिसते," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आत जाऊन बसलो. गोष्ट सरळ होती. आईला खरं सांगितलं, तर ती धुणं थांबवणार आणि पाणी पिकणार. पाणी पिकलं की मासे येणार. मासे आले की आई जाणार. नाही सांगितलं तर गल्लीत, कचेरीत आणि मासेवाल्याकडे माझी शोभा होणार, पण आई राहणार, तीही गुणगुणत. आमच्या टेबलावर इतका सोपा दावा कधी आला नव्हता. शुक्रवारी कचेरीतून येताना मी एक लांब दांड्याचा ब्रश आणला आणि टाकीमागे ठेवून दिला. वाकायला लागू नये म्हणून.

शनिवारी सगळे एकदम आले. आधी दादा, आईची बॅग न्यायला. न सांगता आला. म्हणे पुरे झाले मासे. मग मासेवाला. मग पालिकेचा माणूस, कारण महिना भरला होता. ओळंबा तर कुंपणावर होतेच.

पालिकेच्या माणसाने टॉर्च मारला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "एक अळी नाही! मी मासे असलेल्या टाक्या बघतो, पण इतकी स्वच्छ टाकी नाही बघितली."

दारात उभी असलेली आई हसली.

"तेच तर!" मासेवाला म्हणाला. त्याने खडीचा एक दगड उचलून बोटाने चोळला. "बघा. बुळबुळीतपणा नाही. जिवाणू याच थरात राहतात. कुणीतरी रोज त्यांचं घरदार धुऊन काढतंय. सहा आठवडे! कोण हा मूर्ख माणूस?"

आईचं हसू गेलं. तिने आपले हात मागे नेले, जसे आम्ही लहानपणी शाईने बरबटलेले हात न्यायचो. ते माझ्याच्याने बघवलं नाही.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"मीच धुतो. रोज. मला घाण सहन होत नाही."

ओळंब्यांनी डोक्याला हात लावला. दादा पोट धरधरून हसला. "हा लहानपणापासून असाच!" मासेवाल्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी कचेरीत अत्यंत खेद म्हणतो. पालिकेच्या माणसाने वर जाळी टाकायला सांगून मुदत वाढवली. ती बहुधा दयेपोटी. फक्त बायको हसली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसाने एक बशी विसळलेली नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या मागे नेलेल्या हातांकडे पाहिलं आणि आत गेली.

"चल आई," दादा म्हणाला.

"आज नको," आई म्हणाली. "मासे कुठे आलेत अजून?"

दादा बॅगेविना गेला. संध्याकाळी आई पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. पाणी उतरलं, पुन्हा चढायला लागलं.

"खोटं का बोललास?"

मी तोंड उघडलं. पंखा आठवला, पण परसात पंखा नव्हता. "मासे आले की तू जाणार," मी म्हणालो. "मला नकोय ते. तू इथे राहा, आई."

तिने माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "एवढं बोलायला तुला टाकी बांधावी लागली?"

"पाचशे लिटरची," बायको मागून म्हणाली. ती दारात उभी होती. "आई, मला वाटायचं, तुम्हाला काम सांगितलं तर तुम्ही कंटाळून परत जाल."

"अगं, बसून बसून कंटाळले मी!"

त्यावर दोघी हसल्या आणि मग दोघींनी डोळे पुसले. राहणार की जाणार, ते मात्र आई बोलली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. एका दिवसात तेवढंच झेपलं मला.

"म्हणजे आता ही घाण सांभाळायची?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "आयुष्यभर धुतलं आणि आता हे." पण तिने सांभाळली. दुसऱ्या दिवसापासून टाकी आईकडे गेली. खाणं ती टाकायची, थेंब ती मोजायची. ऑपरेशननंतर तिला रंग असे काही दिसायला लागले होते की मी ज्याला पिवळा म्हणायचो त्यात तिला तीन प्रकार दिसत. अमोनिया चढला, हिरवा झाला. तिने सगळ्या घराला उठवून नळी दाखवली. मग उतरला. मग नायट्राइटचा जांभळा आला, गेला. खडी बुळबुळीत झाली, पालक हिरवागार झाला. सकाळची कणीक तोवर आईच मळायला लागली होती आणि मीठ किती घालायचं यावरून स्वयंपाकघरात रोज वाद व्हायचा. तो वाद मी अंथरुणात पडून ऐकायचो, आणि मला उठावंसंच वाटायचं नाही.

त्या शनिवारपासून सातव्या आठवड्यात मासेवाला आला. तिन्ही नळ्या उजेडात धरल्या आणि म्हणाला, "पिकलं." त्याने पिशवी अर्धा तास पाण्यात तरंगत ठेवली आणि मग तोंड सोडलं. अकरा मासे एकामागून एक बाहेर आले, घाबरून तळाशी गेले, मग हळूहळू वर यायला लागले. ओळंबा कुंपणावरून पहिल्यांदाच काही सल्ला न देता बघत होते.

मी मासे बघत नव्हतो. मी आईकडे बघत होतो. दादाला फोन करून कळवायचं होतं, आणि फोन माझ्या खिशात दगडासारखा जड झाला होता.

आईने मासे डोळे भरून पाहिले. मग मासेवाल्याकडे वळली.

"यांना पिल्लं कधी होतात?"

"अजून लहान आहेत, मावशी. वर्ष तरी जाईल."

"वर्ष," आई म्हणाली आणि माझ्यापुढे हात केला. "दे फोन. मी सांगते दादाला."